सराव सोमवारपासून

स्कूटर पंक्चर झाली म्हणून मी रंकाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर टायरवाल्याच्या दुकानापुढं उभी होते. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, सोल्यूशनचा उग्र वास, आणि तो माणूस काळपट पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे कुठून येतात ते शोधत बसलेला. एवढ्यात एक मोटरसायकल शेजारी येऊन थांबली. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सेंटर फॉरवर्ड. गेल्या हंगामात ज्याच्या गोलांवर आम्ही पेठभर माना ताठ करून फिरलो, तो. टाकीवर किटबॅग आडवी टाकलेली, तिची चेन तुटलेली, आतून शिनपॅडचं टोक बाहेर आलेलं. "काकी, काय झालं? सोडू काय घरला?" म्हणाला. मी म्हटलं, "नको रे, होतंय आत्ता. सराव कधीपासून?" "सोमवारपासनं." मग टायरवाल्याला उगाच दम भरला, "काकींच्याकडनं जादा घेऊ नको हं," आणि किक मारून गेला.

रात्री दादानं व्हॉट्सॲपवर यादी पाठवली. केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, नोंदवलेल्या खेळाडूंची. हातानं लिहिलेली, कुणीतरी घाईत फोटो काढलेला, कडेला त्याचा अंगठा आलेला. मी वरून खाली वाचली, मग खालून वर. त्याचं नाव नव्हतं. खाली दादाची एकच ओळ होती, "गेला त्यो." कुठं गेला ते लिहायची गरज नव्हती. आमच्यातून कुणी गेला की ज्या तालमीत जाऊ नये तिथंच जातो.

खोटं तो काहीच बोलला नव्हता. सराव सोमवारपासूनच होता.

आमच्या तालमीचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की निम्मं कोल्हापूर इथंच वाचायचं थांबेल आणि उरलेलं निम्मं माझ्या बाजूनं भांडायला येईल, आणि मला सध्या दोन्हीची ताकद नाही. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी, संध्यामठ... वरिष्ठ गटात 16 संघ आहेत, त्यातला तुम्हाला हवा तो धरा. दुखणं सगळीकडं एकच. फक्त पाटाकडीलवाले म्हणतील आम्हाला कुठलं दुखणं, कारण चषक ठेवायला त्यांच्याकडं जागा उरलेली नाही. म्हणोत बापडे.

हंगाम तोंडावर आला की नोंदणीचे हे जे दिवस असतात, ते हंगामापेक्षा जीवघेणे. मैदानात निदान बॉल डोळ्यांना दिसतो. इथं सगळं ऐकीव. अमक्याला रात्री गाडीत घालून नेलं, तमक्यानं दोन्हीकडं शब्द दिलाय, ह्याचा फोन कालपासून बंद, त्याच्या भावाला अमुक ठिकाणी नोकरी लावतो म्हणालेत. मानधनाचा आकडा गंगावेशीतून निघतो आणि मिरजकर तिकटीला पोचेपर्यंत दुप्पट होतो. दूध कट्ट्यावर फेसाळ पेला हातात धरून जी माणसं शपथेवर सांगत असतात, त्यांना स्वतःच्या पोराची इयत्ता सांगता येणार नाही, पण कुठल्या संघाचा डावा हाफ कुणाच्या गाडीवर मागं बसलेला दिसला, ते वेळेसकट पाठ. आणि मी तरी काय वेगळी? आमच्या पतसंस्थेतला कॅशियर दुसऱ्या तालमीचा. यादी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो नोटा मोजत होता. मोजता मोजता, मान वर न करता म्हणाला, "मॅडम, यंदा फॉरवर्ड कोण तुमचा?" मी व्हाउचरवर शिक्का इतक्या जोरात मारला की शिपाई दचकला.

बाबा मला पहिल्यांदा शाहू स्टेडियमवर घेऊन गेले, तेव्हा दादा तापानं झोपला होता आणि त्याच्या वाट्याची जागा रिकामी होती, एवढंच कारण. बसायला त्यांनी वर्तमानपत्र आणलं होतं, तरी पायरीचा चटका लागायचाच. शेंगदाण्याची पुडी, समोर उडणारी धूळ, कुठंतरी हलगी, आणि माझ्या मागं बसलेला एक म्हातारा, जो रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर दर वेळी मला "बाळ, तू ऐकू नगंस" म्हणायचा. खेळ मला काही कळला नाही. पण बाबांना अकराच्या अकरा पोरं घरासकट माहीत होती, ते बघून मी चकित झाले. हा अमक्याचा धाकटा, ह्याचा आजा तालमीत पैलवान होता, ह्याची आई आपल्या गिरणीत येती. तेव्हा यादी वगैरे कुणी वाचत नव्हतं. बोळातली पोरं मोठी झाली की संघात यायची. असं मी बरीच वर्षं मानत होते. पण परवा आईनं सहज सांगितलं की एका गोलकीपरच्या पळवापळवीवरून बाबा त्यांच्या एका जिवलग मित्राशी बोलायचे बंद झाले होते, ते त्या मित्राच्या मुलीच्या लग्नातच पुन्हा बोलले, आणि तेही "जेवण बरं झालंय" एवढंच. म्हणजे दुखणं जुनंच. आकडे तेवढे वाढले.

तालमीच्या आत मी आजवर पाऊल टाकलेलं नाही. मारुती आहे, आखाडा आहे, बायका आत जात नाहीत. मला कुणी अडवलं असं नाही, मीच कधी गेले नाही. उघड्या दारातून हौद्यातली तांबडी माती दिसते, तेलाचा आणि घामाचा वास बाहेरच्या पायरीपर्यंत येतो, आणि वरच्या मजल्यावर चषकांचं काचेचं कपाट आहे असं म्हणतात. कुस्तीच्या या खोल्यांनी फुटबॉल कसा अंगाखांद्यावर घेतला ते इथं कुणाला सांगायला नको. राजाराम महाराजांच्या काळापासूनची ती गोष्ट आहे, केएसए 1940 ची. मला सांगायचंय ते एवढंच की ज्या खोलीत कोण राहणार, कोण जाणार, कुणाला किती द्यायचे हे ठरतं, त्या खोलीच्या खिडकीखालून मी रोज भाजीची पिशवी घेऊन जाते. मत नाही, सही नाही, वर्गणीची पावतीसुद्धा दादाच्या नावावर. आणि झोप मात्र माझी उडते.

युरोपात असलं काही झालं की आम्ही मिटक्या मारत बघतो. लुईस फिगो 2000 साली बार्सिलोना सोडून थेट रेआल माद्रिदला गेला. 2002 च्या नोव्हेंबरात बार्सिलोनाच्याच कॅम्प नोऊ मैदानावर तो कॉर्नर घ्यायला आला, तेव्हा त्याच्या दिशेनं बाटल्या आल्या आणि एक डुकराचं मुंडकंही आलं. दादा हे अजून काल बघितल्यासारखं रंगवून सांगतो. पण बार्सिलोना आणि माद्रिद यांच्यामध्ये पाचशेहून जास्त किलोमीटर आहेत. फिगोला सकाळी पाव आणायला बाहेर पडल्यावर बार्सिलोनाचा चिडलेला माणूस भेटत नव्हता. आमच्या पोराची जुनी तालीम आणि नवी तालीम यांच्यात चालत दहा मिनिटं. त्याची आत्या आमच्याच बोळात राहते. दिवाळीचा फराळ द्यायला तो येणार, तेव्हा कोपऱ्यावरच्या कट्ट्यासमोरून येणार की मागच्या बोळानं फिरून, याच्यावर आत्तापासून पैजा लागल्यात. 2021 च्या ऑगस्टमध्ये मेस्सी बार्सिलोना सोडताना रडला, तर आमच्याकडची पोरं दिवसभर तोंड पाडून बसली होती. त्याला निदान निरोपाचं भाषण करायला मिळालं. तालमीच्या फुटबॉलमध्ये निरोप नसतो. यादीत नाव असतं किंवा नसतं.

जाण्या-जाण्यात फरक असतो, हे मात्र मला यंदा पहिल्यांदा बोचलं. 6 ऑक्टोबर 2017. दिल्लीत सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताचा पहिला सामना अमेरिकेशी होता आणि भारताच्या संघात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. चौकाचौकात पडदे लावले होते. जी माणसं एकमेकांच्या जर्सीकडं बघत नाहीत ती एका पडद्यासमोर मांडीला मांडी लावून बसली होती. आपण 3-0 असे हरलो, पण अनिकेतच्या पायात बॉल आला की जो आवाज उठायचा तो कुठल्या एका पेठेचा नव्हता. पोरगं लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलं, पुढं जमशेदपूर, हैदराबाद अशा मोठ्या क्लबांतून खेळलं. त्याला कुणी "गेला त्यो" म्हणालं नाही. आपला निखिल कदम कोलकात्याच्या मोहन बागानच्या जर्सीत दिसला, तेव्हाही आम्ही टीव्हीला बोट लावून पाहुण्यांना दाखवलं. पोरगं हजार-दोन हजार किलोमीटर लांब गेलं की आमची छाती फुगते आणि दहा मिनिटांच्या वाटेवर गेलं की आम्ही त्याच्या नावानं बोटं मोडतो. हिशेब कुठंतरी चुकतोय, एवढं मला पतसंस्थेत बसूनही कळतं.

आणि लांब जायच्या वाटा तरी कुठं राहिल्यात? पुणे एफसी होतं, डीएसके शिवाजीयन्स होतं, एफसी पुणे सिटी होतं. कोल्हापूरहून एसटीत बसलं की रात्रीच्या जेवणाला पोचता येईल अशा अंतरावर चाचणी द्यायला जागा होत्या. एकेक करून सगळे क्लब मिटले. 2025 साली तर कहरच झाला. जुलैमध्ये आयएसएलचाच, म्हणजे इंडियन सुपर लीगचाच, हंगाम पुढं ढकलला, कधी सुरू होणार ते सांगितलं नाही, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशातली सगळ्यात वरची लीगही अशी लटकू शकते, तर बावीस-तेवीस वर्षांच्या पोरानं काय करावं? इथं निदान हंगाम होतो. सामना झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात चार कॉलम बातमी येते. 'मोठ्या डी बाहेरून मारलेला फटका गोलखांबाला तटून बाहेर गेला' या वाक्याशिवाय ती पुरी होत नाही. शेवटी सामनावीर आणि लढवय्या अशी दोन नावं असतात. हा लढवय्या मला फार आवडतो. हरलेल्या बाजूलाही घरी न्यायला काहीतरी हवं, हे आपल्या गावाला समजतं. आमच्या पोराच्या आईनं ती कात्रणं पिठाच्या डब्याखाली, कागद सपाट राहावेत म्हणून, ठेवलेली मी बघितलीत.

तीच मला कपिलतीर्थ मंडईत भेटली. यादी फुटून आठवडा झाला होता. मी मेथी निवडत होते. तिनं मला आधी बघितलं होतं आणि ती वळून जाणार होती, हे मला तिच्या पिशवीच्या हेलकाव्यावरून कळलं. मीच हाक मारली. थोडा वेळ आम्ही मेथीच्या भावावर बोललो. मग तीच म्हणाली, "तुमास्नी वाईट वाटलं असंल." मी म्हटलं, वाटलं तर. ती म्हणाली, "मागल्या साली गुडघा गेला तवा किती जण आलते घरला, सांगा बघू." मला सांगता आलं नाही. लिगामेंट तुटलं होतं, डावा गुडघा. ऑपरेशनला तालमीनं सुरुवातीचे पैसे दिले होते, उरलेले देतो म्हणाले होते. हंगामाच्या मधोमध पोरगं कुबड्या घेऊन पायरीवर बसलेलं असायचं, सगळे येता-जाता "काय भावा, कधी उतरतोस?" विचारायचे. उरलेल्या पैशांचं कुणी काढलं नाही आणि त्यानंही मागितलं नाही. पुढं बरा झाला, उतरला, गेल्या हंगामात गोल केले, आम्ही खांद्यावर घेतला, आणि आम्हाला वाटलं सगळं मिटलं. "तकडं म्हणाल्यात, दुखापत झाली तरी पुरं देणार. लिहून दिलंय," आई म्हणाली. मग मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकून, माझ्या हातचे पैसे बाजूला सारून, तिनंच दिले. का दिले असतील, मला अजून उलगडलेलं नाही.

मी हे दादाला सांगितलं. दादा तालमीच्या पंधरा-वीस जाणत्यांपैकी एक, म्हणजे पैशाच्या गोष्टीत नसतो, पण घोषणा द्यायला आणि भांडण सोडवायला पुढं असतो. ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, "बरोबर हाय तिचं. पर मग आमच्याकडं येऊन सांगायचं हुतं." मी म्हटलं, कुणाला? कुठं? तिनं यायचं कुठं, आखाड्यात? त्यावर त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

आणि न्यायाचं बोलायचं तर आम्ही काय कमी उचलले? आमचा आत्ताचा पहिला स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, दोन हंगामांपूर्वी दुसऱ्या पेठेतून आणलेला. त्याच्या आधीच्या तालमीतल्या पोरांनी त्याच्या नावाचं काय काय केलं असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. पहिल्याच सामन्यात त्यानं गोलरेषेवरून बॉल काढला आणि मी उभी राहून टाळ्या पिटल्या. दोन हंगामांत तो इतका आमचा झाला की गणपतीच्या मिरवणुकीत लेझमाच्या पहिल्या रांगेत असतो. आफ्रिकेतून आलेली पोरंही तशीच. पहिल्यांदा ती पेठेत राहायला आली, तेव्हा म्हाताऱ्या बायका गॅलरीतून वाकून बघायच्या. पुढं त्यातल्या एकाला समोरच्या काकू हाक मारून भाकरी द्यायला लागल्या आणि तो "काकू, तिखट कम" म्हणायला शिकला. बाहेरचे किती घ्यायचे, परदेशी घ्यायचे की नाही, यावर दर साली वाद, दर साली नियमांचा कीस. मला नियमांपेक्षा एका गोष्टीची चिंता वाटते. आमच्या ब संघातली दोन-तीन पोरं बेंचवर बसून बसून मिसरूड फुटून मोठी झाली, आणि शेवटी एमआयडीसीत शिफ्टला लागली. त्यांच्या जागी खेळलेल्या माणसानं गोल केला तेव्हा मी ओरडले होतेच की.

तर आता यंदाचं. गोलकीपर आमचा जुना, हात चांगले, आवाज त्याहून चांगला, स्टेडियमच्या बाहेर पानाच्या गादीवर त्याचा "सोड! सोड! माझा!" ऐकू येतो. पण वय झालं, पाठ धरते, खाली पडून उठायला त्याला आता विचार करावा लागतो. दुसरा कीपर घ्या म्हणून सगळे सांगतात आणि तालीम दर साली म्हणते, बघू. सतेज चषक असो, चंद्रकांत चषक असो, बाद फेरीत सामना टायब्रेकरला गेला की मी देवाचं नाव घेत डोळे मिटते, त्याचं कारण हा माणूस. पेनल्टीला तो नेहमी उजवीकडं उडी मारतो. हे मला कळतं, तर मारणाऱ्याला कळत नसेल? स्टॉपर दोन्ही दणकट, पण वेगवान विंग आली की घायकुतीला येतात. मधल्या फळीत एक पोरगं सोनं आहे, दोन्ही पायांनी पास काढतं, मात्र पिवळं कार्ड त्याच्या नशिबात लिहिलेलं. रेफ्री काही बोलला की याला उलट उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. पुढं आता कोणी नाही. परदेशी फॉरवर्ड बघतोय म्हणतात, कुणाचा तरी व्हिडिओ फिरतोय, त्यात एक माणूस ओळखू न येणाऱ्या मैदानावर ओळखू न येणाऱ्या संघाविरुद्ध गोल मारतो आणि मागं गाणं वाजतं. अशा व्हिडिओवर लाखांचे व्यवहार होतात. मी सोनं तारण घेते, तर आधी सराफाकडून तपासून घेते.

आशा आहे ती एका डाव्या पायावर. ब संघातलं पोरगं, अजून बारावीत, अंगानं काटकुळं. पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं होतं, तेव्हा कडेची जी कोरडी पट्टी उरते तिच्यावर तो एकटाच असायचा. मी संध्याकाळी त्या बाजूनं चालायला जाते. त्याची एक लकब आहे. बॉल घेऊन कडेनं पळत येतो, आता गोलपुढं सेंटर मारणार असं वाटतं, शरीरही तसंच वळतं, आणि ऐन वेळी तळव्यानं बॉल किंचित मागं ओढतो. एवढंच. समोर कुणी नसलं तरी ओढतो. चिखलात त्या ओढण्याचा एक ओलसर चटका ऐकू येतो, मग लगेच फटक्याचा आवाज. एकदा त्यानं त्या न दिसणाऱ्या बचावपटूला असं फसवलं की माझाच पाय आपोआप पुढं पडला. दोष एकच, हे तो दर वेळी करतो. पहिल्या सामन्यात फसतील, तिसऱ्या सामन्यापर्यंत सगळ्या संघांना कळलेलं असेल. कुणीतरी त्याला सांगायला हवं की बाबा, दहातून तीन वेळा सरळ सेंटर मार. मी दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "तू प्रशिक्षक हो की." चेष्टेनं म्हणाला, पण मला रात्रभर काय काय सुचत राहिलं, ते लिहीत नाही.

त्याला डावीकडं, मधल्या सोन्याला त्याच्या मागं, आणि पुढं परदेशी आला तर बरं, नाही तर ब संघातलाच दुसरा उंच पोरगा. माझा संघ हा असा. तालीम ऐकणार नाही. पहिले दोन सामने जुन्या खोडांना खेळवतील, तिसऱ्यात एक हार झाली की कट्ट्यावर आरडाओरडा होईल आणि मग नाइलाजानं पोरांना उतरवतील. हे दर हंगामाचं आहे.

एक गोष्ट मात्र मी दादापाशीही बोलले नव्हते. परवा कट्ट्यावर पोरं रंगात आली होती आणि त्यातला एक म्हणाला, "येऊ दे की त्यो आपल्याविरुद्ध. पहिल्या पाच मिनिटांतच आपला स्टॉपर त्याला बघून घील." सगळे हसले. मी पुढं निघून आले आणि दळणाचा डबा गिरणीतच विसरून घरी पोचले. कुठला गुडघा ते आमच्या स्टॉपरला माहीत आहे. ऑपरेशन झाल्यावर त्या पोराला मोटरसायकलवर मागं बसवून फिजिओथेरपीला हाच न्यायचा. पाय कुठं वळला की पोरगं ओरडायचं, ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. लीगचं वेळापत्रक अजून लागायचंय. आमचा आणि त्यांचा सामना पहिल्या टप्प्यात येतो की शेवटी, हे पूर्वी मी गुणांच्या हिशेबासाठी बघायचे.

काल संध्याकाळी स्टॉपर घरी आला होता, दादानं मागवलेले नळे द्यायला. तो प्लंबिंगचं काम करतो. मी चहा टाकला. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून कप घ्यायची वाट बघत होता, नखांत पांढरी सिमेंट. मी गॅसकडं बघतच म्हटलं, "हे बघ, त्यांचा सामना आला की बॉलला खेळ." त्याला कळलं. कळल्याशिवाय राहिलं नसतं. बराच वेळ त्यानं नुसता कप फिरवला. "काकी, मी बॉललाच खेळतोय की," म्हणाला, आणि चहा संपवून, चपला घालता घालता, "तुमी आदी गोलकीपरचं बगा. आज सरावाला आलाच न्हाई त्यो. पाठ धरलीया पुन्ना."